चिऱ्याच्या खाली: माशेलमधल्या एका घराच्या जागेच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज मातीच्या तपासणीसाठी जागा पाहिली. माशेलहून कुंभारजुव्याच्या अंगाला उतरताना रस्त्याच्या खालच्या बाजूला आहे. साधारण ११५० चौरस मीटर. वरच्या टोकाला उघडा जांभा (चिऱ्याचा दगड), मधे काजूची चार झाडं, खालचा भाग सपाट. त्या सपाटीपलीकडे मेर, मग खाजन (खाऱ्या पाण्यापासून राखलेलं शेत) आणि शेवटी बांध. मालक निवृत्त शाळामास्तर. दोघा मुलांसाठी तळमजला अधिक दोन असं घर बांधायचं आहे. नकाशात घर खालच्या सपाटीवर काढलंय, कारण तिथे कापाकापी करावी लागणार नाही.

मला ती सपाटीच खटकली. उतार असा सुरीने कापल्यासारखा थांबत नाही. टाचेने माती उकरली तर कौलांचे तुकडे आणि चिऱ्याचा चुरा निघाला. भराव आहे. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "बाय, जागा घेतली तेव्हापासून अशीच आहे. त्याआधी काय होतं ते ठाऊक नाही."

जागेसोबत त्यांना दोन पानांचा जुना माती अहवालही मिळालाय. एकच बोअर, सहा मीटर खोल, सगळीकडे "रिफ्युजल", म्हणजे ठोके मारूनही नळी पुढे जात नाही इतकी टणक जमीन. बोअर कुठे घेतला याचा नकाशा नाही. रस्त्याकडेच्या जांभ्यावर घेतला असेल तर आकडे खोटे नाहीत, पण ते या घराचेही नाहीत. कंत्राटदाराचं म्हणणं, एवढा अहवाल पुरे, गोव्यात चिरा लागला की झालं. हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ऐकते आहे.

परतताना शेजारच्या तीन विहिरी पाहिल्या. कुठलाही बोअर घेण्याआधी मी हे करतेच, कारण विहीर म्हणजे कुणीतरी आधीच खणून ठेवलेला मोठा बोअर. वरच्या विहिरीत तीनेक मीटर जांभा दिसतो. त्याखाली पांढरट-गुलाबी माती, आणि तिथे कठड्याची चिरेबंदी आत झुकलेली आहे. खालच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

चार बोअर ठरले, तीन घराच्या कोपऱ्यांजवळ आणि एक मधे. जमिनीच्या तपासणीचं भारतीय मानक आयएस १८९२, त्याप्रमाणे ०.४ हेक्टरच्या आसपासच्या जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे पाच बोअर धरतात. लहान, कमी महत्त्वाच्या इमारतीला मधोमध एक बोअर किंवा चाचणी खड्डाही चालतो. आपली जागा लहान असली तरी वर जांभा आणि खाली खाजन आहे. इथे एका बोअरवर विसंबणं मला मान्य नाही. मास्तरांना खर्च वाढतो हे सांगितलं आणि का वाढतो तेही विहिरीपाशी नेऊन दाखवलं. त्यांनी लगेच होकार दिला.

दुपारी बोअर पाडायची रिग आली. मिस्त्री मामा गडहिंग्लजकडचे, सोबत तीन माणसं. तिपाई उभी केली, विंच बसवली. ठोके मारायचा हॅमर काट्यावर घालून पाहिला, ६३.५ किलो बरोबर. गाइड रॉडवर ७५ सेंटिमीटरची खूण पांढऱ्या रंगाने नव्याने काढून घेतली. जुनी खूण पुसट झाली होती आणि अशा वेळी हात आपसूक कमी उंचीवरून हॅमर सोडतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बोअर १, वरचा पश्चिम कोपरा. अर्ध्या मीटरखाली जांभा. दीड मीटरवर एसपीटी (हॅमरच्या ठोक्यांनी जमिनीची ताकद मोजायची चाचणी) मारली, ५० ठोक्यांत नमुनक (मातीचा नमुना घेणारी नळी) ८ सेंटिमीटर उतरला. तीन मीटरवरही तसंच. मामा म्हणाले, "ताई, झालं की. खडक लागला."

खडक नाही लागला. जांभा म्हणजे इथल्याच खडकाचं पाऊस आणि उन्हाने लाखो वर्षं झिजून झालेलं रूप. विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. बुकाननने १८०७ मध्ये मलबारातल्या अंगाडिपुरमच्या वर्णनात याला "लॅटराइट" नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून, कारण लोक जमिनीतून मऊ असतानाच त्याच्या विटा कापायचे आणि वाऱ्यावर त्या टणक व्हायच्या. आपले चिरेखाणवाले आजही हेच करतात. म्हणजे टणकपणा वरून खाली उतरत जातो आणि जितकं खाली जावं तितका तो कमी होतो. खऱ्या खडकाचं नेमकं उलट असतं.

४.२ मीटरवर बिट एकदम मोकळं झालं. वर आलेलं पाणी लालचं गुलाबी झालं, मग पांढरट. लिथोमार्ज, म्हणजे जांभ्याखालची मऊ, कुजलेल्या खडकाची माती. ४.५ मीटरवर एन (ठोक्यांचा आकडा) ११, सहावर १४, साडेसातवर १९, नऊवर २८.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बोअर १ पुढे. ९.६ मीटरला कुजका खडक, बारा मीटरपासून खडकाचा गाभा (सलग दंडगोल तुकडा) काढायला घेतला. राखाडी, बारीक दाण्याचा ग्रेवॅक (एक प्रकारचा वालुकाश्म), दोनापावलच्या किनाऱ्यावर जो दिसतो त्याच जातीचा. गाभा ६२ टक्के हाती आला. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज केली तर आरक्यूडी (खडक किती अखंड आहे त्याचा टक्का) फक्त ३०. फटी पुष्कळ. पंधरा मीटरवर थांबलो. पाणी ६.८ मीटरवर.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोअर २, मधला. ०.६ पासून जांभा. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि ३.१ मीटरवर रॉड हातभर खाली गेला. बरोबर ४० सेंटिमीटर. त्याच क्षणी परत येणारं पाणी थांबलं. टाकीतलं दोनशे लिटर पाणी ओतलं तरी बोअरच्या तोंडाशी एक थेंब आला नाही.

पोकळी. जांभ्याच्या बुडाशी पाणी आडवं वाहत असतं आणि खालची मऊ माती हळूहळू घेऊन जातं. वर छप्पर शाबूत, आत घर रिकामं. वरून पाहून कुणालाही कळणार नाही. लॉगबुकात खोली, पडझड, गेलेलं पाणी, वेळ, सगळं तिथल्या तिथे लिहिलं. मामांनी केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून घालायची नळी) ढकलून घेतली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज माझा आणि मामांचा वाद झाला. तो लिहून ठेवते, कारण सगळ्या कामाचा कणा तोच आहे.

बोअर २, ४.५ मीटर. मी कोअर बॉक्सच्या (गाभ्याचे तुकडे ठेवायच्या पेटीच्या) खुणा करत होते, तेवढ्यात त्यांनी एसपीटी मारून घेतली. एन १७. वहीत आकडा चांगला दिसत होता. नमुनक उघडला तर वरच्या २० सेंटिमीटरात जांभ्याचे खडे आणि चुरा, लिथोमार्ज फक्त टोकाला. म्हणजे बोअरचा तळ साफ केलाच नव्हता. वरून ढासळलेल्या खड्यांना आम्ही जमिनीची ताकद म्हणून मोजत होतो.

मामांचं म्हणणं, असं थोडं सगळीकडेच होतं, एवढ्यासाठी पुन्हा कुठे बोअर धुवायचा. मी म्हटलं, पहिले १५ सेंटिमीटर आपण सोडून देतो ते बसण्यासाठी, पुढच्या ३० चे ठोके म्हणजे एन. त्या तिसात कचरा असेल तर हा आकडा कशाचा? याच आकड्यावर कुणीतरी कॉलम उभा करणार आणि त्या कॉलमखाली या मास्तरांची नातवंडं झोपणार.

तळ धुतला. यातही एक मेख आहे. पाण्याच्या पातळीखाली काम करताना केसिंगमधलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा वरच ठेवावं लागतं. नाहीतर बाहेरचं पाणी तळातून वर उसळतं, माती सैल होते आणि एन खोटाच कमी येतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना होते. तळात कचरा राहिला तर जमीन उगाच ताकदवान दिसते, पाणी उतरलं तर उगाच कमजोर. दोरीचंही तसंच. विंचेच्या ढोलाला दोनच वेढे हवेत. तिसरा घेतला की दोरी घासते, हॅमर मोकळा पडत नाही आणि ठोके वाढतात.

पाणी भरलेलं ठेवून, साफ तळावर, अर्धा मीटर खाली पुन्हा मारली. एन ६.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच पोराला हाक मारून वहीत १७ वर एक रेघ मारायला लावली आणि शेजारी कारण लिहून घेतलं. खोडायचं नाही, रेघ मारून ठेवायचं, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. संध्याकाळी सहा मीटरवर एन ५. तळ साफ आहे की नाही ते मला विचारून मगच मारली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बोअर २ मधून यूडीएस (ठेवण न मोडलेला नमुना) काढला, १०० मिलिमीटर व्यासाची नळी, दाबून, न ठोकता. लिथोमार्जला मूळ खडकाची ठेवण तशीच असते. बोटाने चुरगळेल इतकी मऊ माती, पण तिच्यात खडकाच्या रेषा दिसतात. ती ठेवण मोडली तर प्रयोगशाळेत पोहोचते ती वेगळीच माती. नळीच्या दोन्ही तोंडांना मेणाचे तीन थर, वर टोपी, ओलं गोणपाट. नळ्या भुशाच्या पेटीत उभ्या ठेवल्या.

हा बोअर पुढे अकरा मीटरवर कुजक्या खडकात संपवला. पाणी ५.२ मीटरवर. त्यात छिद्रांची पीव्हीसी नळी घालून भोवती वाळू भरली आणि तोंडाला झाकण लावलं. हा बोअर बुजवायचा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार, माघी पौर्णिमा

बोअर ३, खालचा पूर्व कोपरा. २.४ मीटरपर्यंत भराव: चिऱ्याचे उरलेले तुकडे, मंगळुरी कौलं, प्लॅस्टिक, एक फुटलेली घागर. दीड मीटरवर एसपीटीला ३८ ठोके लागले आणि नमुनकाच्या तोंडात अख्ख्या चिऱ्याचा तुकडा अडकून आला. तो आकडा "भरावातला दगड" असा शेरा मारून बाजूला ठेवला.

भराव संपला आणि काळा चिखल सुरू झाला. तीन मीटरवर नमुनक खाली सोडला, तर हॅमर नुसता वर ठेवल्याबरोबर पंचेचाळीसही सेंटिमीटर आपोआप गेला. एकही ठोका न मारता. साडेचारवर एन १, सहावर २. शिंपल्यांचे कण, कुजक्या अंड्यासारखा वास. ६.९ मीटरपर्यंत हेच. मग मीटरभर वाळू आणि गोटे, त्याखाली लिथोमार्ज.

हे खाजन आहे. मेरेच्या पलीकडे जे शेत दिसतं ते अलीकडेही होतं, कुणीतरी वर चिरेखाणीचा टाकाऊ माल पसरून सपाट केलं. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून आणि मानशीने (पाण्याच्या दरवाजाने) पाणी राखून मिळवलेली जमीन. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी ते बांध सांभाळले, ते भातासाठी आणि मासळीसाठी.

मास्तर चिखल बघायला आले. त्यांनी तो हातात घेऊन चोळला. म्हणाले, बोरीच्या बाजूला पौष अमावास्येला याच चिखलाची मगर करतात, मांगे थापणी म्हणतात, खाजनाच्या राखणीसाठी. मामांनी विचारलं, मग खऱ्या मगरी? कुंभारजुव्याच्या कालव्यात आहेतच, मास्तर म्हणाले. पोरं त्यानंतर पाणी आणायला मेरेकडे दोघं मिळूनच गेली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बोअर ३ मध्ये दिवसभर पाणी मोजलं. दुपारी दोनला १.०५ मीटर, संध्याकाळी सातला १.३०. वर पाऊस नाही, उपसा नाही. ही भरती-ओहोटी आहे, बांधाखालून झिरपत इथपर्यंत आलेली. पाण्याची बाटली भरून घेतली, क्लोराइड, सल्फेट आणि पीएचसाठी. चिखलात व्हेन (मातीची ताकद मोजायचं पात्यांचं साधन) फिरवला. कातरताकद १० ते १२ किलोपास्कल. बुटाचा ठसा ज्यात सहज उमटतो अशा मातीची ही ताकद.

१४ ते १५ फेब्रुवारी

बोअर ४. तीनसारखाच, चिखल ३.८ मीटर जाड. चिखलातले दोन यूडीएस नमुने पातळ भिंतीच्या नळीत. सगळे नमुने मी स्वतः गाडीतून नेले, गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मास्तरांना आणि वास्तुकाराला आजवरचं सांगितलं. प्रयोगशाळेची वाट न पाहता एक बोअर जास्त घेऊ द्या अशी विनंती केली: नकाशातल्या घरापासून आठ मीटर वर, काजूच्या झाडांपाशी. घर तिथे सरकवता येईल का ते बघायचं आहे. वास्तुकाराला आधी पटलं नाही. मी त्यांना वहीतले एनचे आकडे नाही दाखवले, बोअर ३ चा नमुना टेबलावर ठेवला. तो पाच मिनिटांत स्वतःच्याच वजनाने पसरला.

१८ ते १९ फेब्रुवारी

बोअर ५. जांभा ०.३ ते ३.९ मीटर, सलग, पाणी पूर्ण परत आलं, पोकळी नाही. खाली लिथोमार्ज, एन १०, १३, १८. १०.५ वर कुजका खडक. बोअर २ सोडून बाकीचे बोअर बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) आणि सिमेंटच्या पातळ गाऱ्याने तळापासून वर भरून बंद केले. नुसती माती लोटून बुजवलेला बोअर म्हणजे वरचं घाण पाणी सरळ विहिरीच्या झऱ्यात नेणारी नळी. मामांचा गट आज गेला. जाताना त्यांनी ७५ सेंटिमीटरच्या खुणेवर अजून एक हात रंग दिला.

५ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेचे निकाल. चिखलाच्या कन्सॉलिडेशनला (वजनाखाली किती दबतो त्या चाचणीला) वेळ लागतो. दर वजनाला चोवीस तास, मग पुढचं वजन.

चिखल: पाणी ६० टक्के, व्हॉइड रेशो (पोकळीचं कणांशी प्रमाण) १.६, सीसी (दबण्याचा निर्देशांक) ०.६२. गणित मांडलं. साडेचार मीटरच्या थराच्या मधोमध आज भरावासकट ताण साधारण ४३ किलोपास्कल. भरावाखाली चिखल पुरता बसून झालाय असं मालकाच्या बाजूने धरलं. घराचे तिथपर्यंत पोहोचणारे ३० त्यात मिळवले. खचण येते जवळपास २५ सेंटिमीटर. प्लॅस्टिक, म्हणजे मळता येणाऱ्या चिकणमातीवर काँक्रीटच्या राफ्टलासुद्धा (सगळ्या घराखालच्या सलग पायालासुद्धा) आयएस १९०४ हे पायांचं मानक जास्तीत जास्त १०० मिलिमीटर देतं. त्यातही घराचा एक कोपरा चिखलावर आणि दुसरा जांभ्यावर. खालचा वीतभर बसेल, वरचा हलणार नाही. भिंत तिरकी फाटते ती अशीच, आणि लगेच फाटत नाही, दोन-तीन वर्षांनी, रंगकाम होऊन गेल्यावर फाटते.

लिथोमार्ज: कोरडा तुकडा खडूसारखा टणक. तोच भिजवून ट्रायॲक्सियलला (चहूबाजूंनी दाबून ताकद मोजायच्या चाचणीला) लावला तर कोहेजन (कणांची चिकटून राहण्याची ताकद) २५ किलोपास्कल.

बोअर ३ च्या पाण्यात क्लोराइड भरपूर. तिथे पाइल (पायाचे खोल खांब) घालायच्या म्हटल्या तरी काँक्रीटची प्रत आणि कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर) दोन्ही वाढवावं लागलं असतं.

१० मार्च, सोमवार

बैठक मास्तरांच्या जुन्या घरात, पडवीत. ते घर वर, जांभ्याच्या कडेला आहे. काकींनी सोलकढी दिली. मी अहवाल न वाचता सरळ सांगितलं.

घर आठ मीटर वर सरकवायचं. पाया १.२ मीटरवर, त्यापेक्षा खोल नाही. खोल गेलं की बळकटी येते असं सगळ्यांना वाटतं, पण इथे आपल्याला पेलणारं जांभ्याचं कवचच आपण पातळ करू. सुरक्षित भार चौरस मीटरला १५ टन. नुसत्या जांभ्याला जास्तही देता आला असता, पण शेजारशेजारच्या कॉलमांचे ताण खाली पसरत एकमेकांत मिसळतात आणि लिथोमार्जवर पोहोचतात तेव्हा सगळ्या घराचं वजन एकत्र झालेलं असतं. भिजलेल्या लिथोमार्जला जेवढं झेपेल तेवढंच वरून द्यायचं. प्रत्येक कॉलमच्या जागी जॅकहॅमरने तीन मीटर खोल छिद्र पाडून पोकळी तपासायची, सापडली तर ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायचं. सेप्टिक टँकचा शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला नको. तिथलं पाणी जांभ्यातून उतरून पायाखालीच येणार.

आणि खालची सपाटी? मास्तरांनी मोठ्या मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, भराव काढता आला तर काढून शेत परत करू. मला यापेक्षा जास्त काही ऐकायचं नव्हतं.

कंत्राटदाराने शेवटी एकच प्रश्न विचारला: मधला बोअर का बुजवला नाही? मी म्हटलं, आमचे सगळे आकडे फेब्रुवारीचे आहेत. या मातीची खरी परीक्षा जुलैमध्ये असते. मास्तरांनी मोजायची टेप मागून घेतली.

२ जुलै, बुधवार

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. मास्तर रोज सकाळी सातला नळीत टेप सोडतात आणि शाळेच्या हजेरीपटासारख्या आखलेल्या वहीत लिहितात. आज ती वही पाहिली. १ एप्रिल: ५.९. १ मे: ६.३. १ जून: ३.४. १५ जून: २.२. आज: १.७.

जांभ्याचा तळ या बोअरमध्ये ३.१ वर आहे. म्हणजे सगळा लिथोमार्ज आता पाण्यात आहे आणि पाणी जांभ्याच्या आतही जवळजवळ दीड मीटर चढलंय. आम्ही पाया भिजलेल्या मातीच्या आकड्यांवर धरला, तो बरोबर धरला. पण १.२ मीटर आणि १.७ मीटर यात फार अंतर उरलेलं नाही. घराच्या वरच्या बाजूने चर काढून पाणी बाजूच्या ओहोळात सोडायचं, हे आज नकाशात वाढवलं. जॅकहॅमरची छिद्रं पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. तोवर मास्तरांची टेप रोज सातला.